चाँदतारा : राजाच्या मुकुटावरून मशिदीच्या घुमटावर

नाणेसंग्राहक (धागालेखक)

मशिदीचा घुमट, ईदची शुभेच्छापत्रे, पश्चिम आशियातील रुग्णवाहिका आणि दहा-बारा देशांचे ध्वज यांवर आपण चंद्रकोर आणि तारा पाहतो, आणि ख्रिस्ती धर्माचा जसा क्रूस तसा इस्लामचा चाँदतारा असे समीकरण मांडून मोकळे होतो. क्रूसाच्या बाबतीत ते ठीक आहे, कारण त्या धर्माच्या केंद्रस्थानी असलेली घटनाच त्यामागे उभी आहे. चाँदताऱ्यामागे अशी कोणतीही घटना किंवा आज्ञा नाही. माझे म्हणणे असे की हे चिन्ह आधी राजांचे होते आणि मग एका साम्राज्याचे झाले. त्या साम्राज्याकडे युरोपने 'इस्लाम' म्हणूनच पाहिले, आणि पुढे ते कोसळू लागले तेव्हा जगभरच्या मुसलमानांना त्याच्याविषयी आपुलकी वाटली. या दोन गोष्टींमुळे ते धर्माचे चिन्ह झाले, आणि ही घडामोड बव्हंशी गेल्या दोन-अडीचशे वर्षांतली आहे. पुरावे मी मुख्यतः नाण्यांचे देणार आहे, कारण इतिहासकार मागाहून लिहितो आणि नाणे त्या-त्या राजवटीतच पाडले जाते.

आधी कुराणातील चंद्र. सूरह अल-बकरामधील १८९वी आयत चंद्रकोरींविषयीच्या प्रश्नाला उत्तर देते, आणि ते उत्तर अगदी व्यवहारी आहे : लोकांना काळ मोजता यावा आणि हजची वेळ कळावी यासाठी त्या आहेत. सूरह अल-अनआममध्ये इब्राहीम आधी ताऱ्याकडे, मग चंद्राकडे, मग सूर्याकडे पाहतो आणि जे मावळते ते ईश्वर असू शकत नाही म्हणून तिघांकडेही पाठ फिरवतो. सूरह फुस्सिलतमधील ३७वी आयत तर सूर्याला आणि चंद्राला सजदा करू नका, त्यांना निर्माण करणाऱ्याला करा, असे स्पष्टच बजावते. महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, त्यामुळे चंद्राला महत्त्व आहे हे खरे. पण संकष्टीचा उपवास आपणही चंद्र पाहूनच सोडतो, म्हणून कोणी चंद्राला हिंदू धर्माचे बोधचिन्ह म्हणत नाही. पैगंबरांच्या काळातील निशाणांविषयीच्या परंपरेत काळ्या आणि पांढऱ्या कापडांचा उल्लेख येतो. उमय्यांचा रंग पांढरा आणि अब्बासींचा काळा होता. या कापडांवर चंद्रकोर नव्हती.

चिन्ह स्वतः मात्र फार जुने आहे. मेसोपोटेमियातील ऊर येथे नन्ना किंवा सिन या चंद्रदेवाचे ठाणे होते. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात मेली-शिपाक या कस्साइट राजाच्या काळची, म्हणजे इ.स.पू. बाराव्या शतकातील दानशिला आहे, तिच्या माथ्यावर सिनची चंद्रकोर, शमशचा सूर्य आणि इश्तारचा तारा शेजारी-शेजारी कोरले आहेत. पुढे काळ्या समुद्राकाठच्या पोंटस राज्यात, विशेषतः इ.स.पू. पहिल्या शतकातील सहाव्या मिथ्रिडेटसच्या नाण्यांवर, चंद्रकोर आणि तारा ही जोडी राजघराण्याची खूण म्हणून येते.

आता माझ्या आवडीच्या नाण्याकडे वळतो. सासानी सम्राट दुसरा खुस्रो याचा चांदीचा द्रम्म हातात घेतला, तर एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजा दिसतो. त्याच्या मुकुटाला दोन पंख आहेत आणि पंखांच्या वर चंद्रकोरीत बसवलेला तारा आहे. मण्यांच्या वर्तुळाबाहेर, नाण्याच्या कडेला, तीच चंद्रकोर-ताऱ्याची जोडी पुन्हा-पुन्हा उमटवलेली आहे. मागच्या बाजूला अग्निवेदी आणि तिचे दोन रखवालदार आहेत. इ.स. ६५१ मध्ये शेवटचा सासानी सम्राट यज्दगर्द मारला गेला, तोवर इराण अरबांच्या हाती गेले होते. नव्या राज्यकर्त्यांनी बाजारात चालणारे नाणे मोडले नाही. तोच राजा, तीच अग्निवेदी, तेच चाँदतारे ठेवून त्यांनी कडेला कूफी लिपीत 'बिस्मिल्लाह' एवढे शब्द घातले. इस्लामी राजवटीच्या नाण्यावर चाँदतारा पहिल्यांदा आला तो असा, पारशी राजाच्या मुकुटासकट, उसना.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. खलीफा अब्द अल-मलिक याने हिजरी ७७ मध्ये (इ.स. ६९६-९७) सोन्याचा नवा दीनार आणि हिजरी ७९ मध्ये चांदीचा नवा दिरहम काढला. या नाण्यांवर राजा, वेदी, चंद्र, तारा यांपैकी काहीच उरले नाही, सर्वत्र केवळ अक्षरे. इस्लामी राज्याला स्वतःची ओळख नाण्यावर उमटवायची वेळ आली तेव्हा त्याने कलिमा (इस्लामचे श्रद्धावचन) निवडला, आणि हाताशी असलेला चाँदतारा बाकीच्या चित्रांबरोबर काढून टाकला. धर्मचिन्ह असते तर ते उलट ठळक झाले असते.

मध्ययुगात चंद्रकोर पुन्हा दिसते, पण कोणा एकाची मालमत्ता म्हणून नव्हे. इराकमधील मोसूलच्या झंगी या तुर्क घराण्यातील नासिरुद्दीन महमूद याच्या तांब्याच्या नाण्यावर मांडी घालून बसलेला माणूस दोन्ही हातांनी चंद्रकोर धरून आहे. त्या काळच्या जझीरा प्रदेशात ज्योतिषातील ग्रहांची चित्रे नाण्यांवर घालण्याची चाल होती, त्यातलेच हे एक. त्याच सुमारास क्रूसयुद्धासाठी निघालेल्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाच्या मुद्रेवरही चंद्रकोर आणि तारा आहेत, आणि लेबनॉनच्या किनाऱ्यावरील त्रिपोलीच्या ख्रिस्ती सरदारांच्या नाण्यांवरही आहेत. म्हणजे क्रूसयुद्धात 'क्रूस विरुद्ध चंद्रकोर' अशी जी लढाई आपण चित्रांत पाहतो, ती त्या लढाईत उतरलेल्यांना ओळखू आली नसती.

खरा बदल उस्मानी तुर्कांच्या काळात झाला. सोळाव्या-सतराव्या शतकांतील त्यांच्या निशाणांवर चंद्रकोरी आहेत, पण हजरत अलींची दुधारी झुल्फिकार तलवारही तितक्याच मानाने आहे. एकच ठरीव ध्वज नव्हता. १७९३ मध्ये तिसऱ्या सलीमच्या काळात नौदलाच्या जहाजांसाठी तांबड्या कापडावर पांढरी चंद्रकोर आणि तारा असा ध्वज ठरवण्यात आला, आणि तंझीमात सुधारणांच्या काळात, १८४४ मध्ये, ताऱ्याची पाच टोके ठरून तो साम्राज्याचा राष्ट्रध्वज झाला. युरोपीय राष्ट्रांना ध्वज होते म्हणून आपल्यालाही हवा, हा त्यामागचा विचार होता. धर्मशास्त्राचा यात कोठेही संबंध नाही.

मोडीवाचक

धागा आवडला. आमच्या पिढीला असे शिकवले गेले की हे मूळचे कॉन्स्टँटिनोपल शहराचे चिन्ह असून १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर तुर्कांनी ते उचलले. मॅसिडोनियाचा फिलिप रात्री तटबंदी पोखरत असताना एकाएकी आकाशात उजेड पडला आणि शहर वाचले, म्हणून नागरिकांनी हेकाटी देवीची चंद्रकोर स्वीकारली, अशी कथाही सोबत असे. आपण हे का वगळले?

नाणेसंग्राहक

वगळले नाही, मागे ठेवले. बायझँटियमच्या (कॉन्स्टँटिनोपलचे आधीचे नाव, आजचे इस्तंबूल) जुन्या नाण्यांवर चंद्रकोर आणि तारा आहेत, हे निर्विवाद आहे. फिलिपचा वेढा इ.स.पू. ३४०-३९चा, आणि उजेडाची कथा नोंदवणारा मिलेटसचा हेसिकिअस सहाव्या शतकातला, म्हणजे मध्ये जवळजवळ नऊशे वर्षे गेली. याहून मोठी अडचण नंतरच्या काळाची आहे. कॉन्स्टंटाइनने ३३० मध्ये शहराला राजधानी केल्यापासून १४५३पर्यंत ते ख्रिस्ती सम्राटांचे शहर होते, आणि त्या हजार-अकराशे वर्षांत तेथील राजचिन्ह म्हणून आपल्याला क्रूस आणि शेवटी-शेवटी दोन डोक्यांचा गरुड दिसतो. मोसूलच्या नाण्यांवरून दिसते की चंद्रकोर या मुलखातील मुसलमान राजांना १४५३च्या दोनशे वर्षे आधीच परिचित होती. ती शहर जिंकून मिळवावी लागली नाही.

याच जातीच्या आणखी दोन कथा आहेत. उस्मानी घराण्याचा मूळ पुरुष उस्मान याला स्वप्न पडले, त्यात शेख एदेबाली यांच्या छातीतून चंद्र निघून उस्मानच्या छातीत शिरला आणि तेथून जग व्यापणारा वृक्ष उगवला. दुसरी कथा १३८९च्या कोसोव्होच्या लढाईनंतर रक्ताच्या थारोळ्यात चंद्र आणि तारा प्रतिबिंबित झाल्याची. पहिली उस्मानच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी लिहिलेल्या बखरींत मिळते, दुसरी तर ध्वज ठरल्यानंतर त्याला साजेशी रचल्यासारखी आहे. आपल्याकडेही राजवंशांच्या उत्पत्तिकथा अशाच मागाहून तयार होत असत.

तारामंडळ

खगोलाच्या अंगाने काही गोष्टी नोंदवतो. ध्वजावर तारा चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मध्ये, काही ठिकाणी तर अगदी आत दाखवतात. चंद्राचा अंधारा भागही चंद्रच असल्यामुळे तेथे तारा दिसणे शक्य नाही. उस्मानी कारागिराला हे ठाऊक नसेल असे नाही, बोधचिन्हाला आकाशाचे नियम लागू नसतात एवढेच.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. तुर्कस्तानच्या ध्वजावर कोरीची फुगीर बाजू काठीकडे, म्हणजे डावीकडे आहे, आणि पाकिस्तानच्या ध्वजावर ती खाली डावीकडे झुकलेली आहे. उत्तर गोलार्धात संध्याकाळी पश्चिमेला दिसणाऱ्या शुक्ल पक्षातील कोरीची फुगीर बाजू मावळलेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली उजवीकडे असते. ध्वजावरची कोर त्यामुळे कृष्ण पक्षाच्या अखेरीस पहाटे पूर्वेला दिसणारी ठरते, आणि ईदचा चंद्र तिच्या नेमका उलट असतो. अर्थात ध्वजाला मागची बाजूही असते आणि तिकडून पाहिले की कोर उलटी होते, म्हणून या मुद्द्यावर फार ताणू नये. महाराष्ट्राच्या अक्षांशावर तर वर्षाच्या काही महिन्यांत ही कोर होडीसारखी जवळजवळ आडवीच दिसते.

२४ मार्च २०२३ रोजी संध्याकाळी चंद्र आणि शुक्र अगदी जवळ आले होते आणि भारतात तो पहिल्या रोज्याचा दिवस होता. त्या दिवशी 'आकाशात चाँदतारा उगवला' अशी छायाचित्रे सगळीकडे फिरली. ती नीट पाहिली तर शुक्र कोरीच्या खाली, तिच्या फुगीर, उजळ बाजूला बाहेर लटकलेला दिसतो. ध्वजावरची रचना त्या दिवशीही आकाशात नव्हती.

सडेतोड

सर्व ठीक आहे, परंतु आपण मूळ प्रश्नाला बगल दिली आहे. मेसोपोटेमियात चंद्रदेव होता, अरबस्तानातही चंद्राची पूजा होती, आणि आज मशिदीवर चंद्र आहे. यातून सरळ निघणारा निष्कर्ष असा की जुन्या चंद्रपूजेचेच हे अवशेष आहेत. अनेक संकेतस्थळांवर हे सप्रमाण मांडलेले आहे.

नाणेसंग्राहक

हा निष्कर्ष सरळ वाटतो, कारण मधला काळ गाळून तो काढला आहे. अवशेष म्हणायचे तर साखळी अखंड दाखवावी लागेल. ऊरची चंद्रकोर, मग मक्केतील चंद्रकोर, मग पहिल्या खलीफांची चंद्रकोर, मग अब्बासींची, आणि शेवटी तुर्कांची, असा क्रम हवा. प्रत्यक्षात नव्या धर्माचा प्रभाव सर्वांत ताजा असताना, पहिल्या काही शतकांत, हे चिन्ह धर्माची खूण म्हणून कोठेच उभे राहत नाही, आणि पाच-सहाशे वर्षांनंतर ते एका तुर्क घराण्याच्या नाण्यावर ज्योतिषाच्या वाटेने येते. ज्या ग्रंथात चंद्राला सजदा करू नका असे शब्दशः लिहिले आहे, त्या ग्रंथाच्या अनुयायांवर चंद्रपूजेचा आरोप करण्यासाठी घुमटावरच्या पितळी कोरीपेक्षा काही भक्कम लागेल. 'अनेक संकेतस्थळे' एकमेकांची नक्कल करतात, त्यामुळे त्यांची संख्या हा पुरावा होत नाही.

याच्या उलट्या टोकाचा दावाही मला मान्य नाही. या चिन्हाचा इस्लामशी काही संबंधच नाही, असेही कधी-कधी ऐकू येते. कोट्यवधी लोक एखादे चिन्ह आपले मानत असतील, आपल्या कबरींवर आणि मशिदींवर लावत असतील, तर आज ते त्यांचे आहे. ते केव्हापासून आणि कसे झाले, एवढाच या धाग्याचा विषय आहे.

दख्खनी शिळा

तबरिस्तानचा अपवाद येथे नोंदवावा असे वाटते. कास्पियन समुद्राच्या दक्षिणेच्या या डोंगराळ प्रांतात अब्बासी सुभेदारांनी आठव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सासानी पद्धतीची, चंद्रकोर-तारे असलेली लहान चांदीची नाणी पाडणे चालू ठेवले होते. अब्द अल-मलिकच्या सुधारणेनंतर सगळीकडून चित्र एका दिवसात नाहीसे झाले, असे समजू नये. तरीही यातून आपल्या मुद्द्याला बळच मिळते, कारण तेथेही ते स्थानिक रिवाज म्हणून टिकले.

आपल्या भागापुरते सांगायचे, तर चंद्र महाराष्ट्रात इस्लामच्या कितीतरी आधीपासून दगडावर आणि धातूवर आहे. पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर तीन कमानींची टेकडी, तिच्यावर चंद्रकोर, आणि बाजूंना आणखी एक चंद्रकोर आणि ताऱ्यासारखा सूर्य असतो. वीरगळांच्या माथ्यावर आणि शिलाहार-यादवकालीन दानलेखांच्या शिळांवर सूर्य-चंद्र असतात, त्यांचा अर्थ हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकावे असा आहे. गावाबाहेर पडलेल्या एखाद्या गधेगाळावर (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळेवर) चंद्रकोर दिसली म्हणून ती मुसलमानी अमदानीतली ठरवणारे मला भेटले आहेत. त्यांनी खालचे गाढव आणि वरचा कलश पाहण्याची तसदी घेतलेली नसते.

दख्खनच्या सुलतानांत विजापूरचे उदाहरण आपल्या मांडणीशी जुळते. फिरिश्ता या इतिहासकाराने आदिलशाहीचा संस्थापक युसूफ हा उस्मानी सुलतान मुराद याचा, जीव वाचवून बाहेर काढलेला मुलगा असल्याची कथा दिली आहे. तिची सत्यता संशयास्पद असली तरी दरबाराला ती प्रिय होती, आणि विजापूरच्या जामा मशिदीच्या घुमटावर चंद्रकोर आहे. तिचा अर्थ तुर्की वंशाचा अभिमान असा लावला गेला आहे, म्हणजे पुन्हा घराणेच. मोगलांचे राजचिन्ह सिंह आणि सूर्य होते. ताजमहालाच्या कळसावर चंद्रकोर आहे, पण तिच्याखाली पूर्ण भारतीय घाटाचे कलश एकावर एक आहेत. ज्यांना तेथे वर त्रिशूळ दिसतो, त्यांनी पूर्वेकडच्या इमारतीसमोरील फरशीत काळ्या दगडात कोरून बसवलेली त्या कळसाची पूर्ण आकाराची प्रतिकृती पाहावी. कोरीची दोन टोके आणि मधले कलशाचे शेंडे स्वतंत्रपणे ओळखता येतात.

डच मराठी

नेदरलँड्समध्ये राहत असल्यामुळे एका वेगळ्या चंद्रकोरीची भर घालतो. सोळाव्या शतकात स्पेनच्या कॅथलिक राजाविरुद्ध उठलेले डच बंडखोर टोपीवर किंवा अंगरख्यावर चांदीची चंद्रकोर लावत, आणि तिच्यावर 'पोपपेक्षा तुर्क बरा' अशा आशयाची ओळ कोरलेली असे. १५७४ मध्ये लायडनचा वेढा उठवायला आलेल्या दर्यावर्दी बंडखोरांशी ही पदके जोडली जातात. लावणारे कट्टर प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते. चंद्रकोर म्हणजे तुर्क ही ओळख तोवर युरोपात इतकी पक्की झाली होती की ती टोमणा म्हणून वापरता येत होती.

व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चच्या मनोऱ्यावर सोळाव्या शतकापासून चंद्रकोर आणि तारा होते. १६८३ मध्ये तुर्कांनी शहराला वेढा घातला, तो उठल्यावर नागरिकांना आपल्याच चर्चवरचे ते चिन्ह शत्रूचे वाटू लागले आणि १६८६ मध्ये ते उतरवून तेथे क्रूस बसवण्यात आला. धागालेखकाच्या मुद्द्याला याहून चांगला दाखला सुचत नाही. त्या वेढ्यातल्या विजयासाठी बेकरीवाल्यांनी चंद्रकोरीच्या आकाराचा पाव केला, तोच आजचा क्रोसाँ, ही गोष्ट मात्र खोटी आहे. त्या आकाराचा पाव ऑस्ट्रियात वेढ्याच्या आधीपासून होता, आणि पॅरिसमध्ये तो १८३०च्या दशकाच्या अखेरीस ऑगस्ट झांग याच्या व्हिएन्नी बेकरीमुळे लोकप्रिय झाला.

रुग्णसेवा

या चिन्हाला आंतरराष्ट्रीय कायद्यात धर्माचा दर्जा मिळाला तो युद्धभूमीवरच्या रुग्णालयांमुळे, आणि माझ्या मते हा प्रसंग १७९३ किंवा १८४४पेक्षाही निर्णायक आहे. १८६४च्या जिनीव्हा करारात पांढऱ्या कापडावर तांबडा क्रूस हे जखमींची सेवा करणाऱ्यांचे चिन्ह ठरले. उस्मानी साम्राज्याने १८६५ मध्ये करार मान्य केला, तेव्हा क्रूसाबद्दल आक्षेप घेतला नव्हता. पुढे बाल्कनमध्ये युद्ध भडकल्यावर नोव्हेंबर १८७६ मध्ये त्याने कळवले की क्रूसाचे चिन्ह मुसलमान सैनिकांच्या भावनांना दुखावते, म्हणून आपली पथके तांबडी चंद्रकोर वापरतील, शत्रूच्या तांबड्या क्रूसाचा मात्र मान राखला जाईल. १८७७मध्ये रशियाशी युद्ध सुरू झाले तेव्हा ही तडजोड युद्धापुरती म्हणून स्वीकारली गेली.

इथे एक विचित्र गाठ बसली. जिनीव्हाकरांचे म्हणणे असे की क्रूस धार्मिक नाही, तो स्विस ध्वजाच्या रंगांची अदलाबदल करून घेतलेला आहे, आणि १९०६च्या करारात तसे लिहूनही ठेवले गेले. उस्मानी चंद्रकोरही खरे तर ध्वजावरचीच होती. परंतु एका देशाच्या ध्वजासमोर दुसऱ्या देशाचा ध्वज उभा राहिला आणि जगाने त्यात ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान असे वाचले. १९२९च्या करारात तुर्कस्तान, इराण आणि इजिप्त या तीन देशांच्या चालू वापराला मान्यता मिळाली. त्यांपैकी इराणचे चिन्ह तांबडा सिंह आणि सूर्य होते, ते इराणने १९८० मध्ये सोडून चंद्रकोर घेतली. पाकिस्तानच्या संस्थेने १९७४ मध्ये आणि बांगलादेशच्या संस्थेने १९८८ मध्ये क्रूस बदलून चंद्रकोर स्वीकारली. सर्वाधिक मुसलमान लोकसंख्येच्या देशांपैकी एक असलेल्या इंडोनेशियात मात्र आजही तांबडा क्रूसच आहे. हा तिढा सोडवण्यासाठी २००५ मध्ये कोणत्याही धर्माचा किंवा देशाचा भास होणार नाही असे तांबड्या चौकोनी स्फटिकाचे तिसरे चिन्ह मान्य करण्यात आले.

आपला संबंधही आहे. बाल्कन युद्धातील जखमी तुर्क सैनिकांच्या शुश्रूषेसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील वैद्यकीय पथक डिसेंबर १९१२ मध्ये मुंबई बंदरातून निघाले. हिंदुस्थानातील मुसलमानांनी त्यासाठी वर्गणी गोळा केली होती. इस्तंबूलच्या ध्वजावरचे चिन्ह मुंबई-दिल्लीच्या मोहल्ल्यांत आपले कसे वाटू लागले, ते समजून घ्यायचे तर ही वर्गणी ध्यानात घ्यावी लागते.

नाणेसंग्राहक

'रुग्णसेवा' यांचा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. त्याला जोडून एवढेच म्हणतो की १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली तेव्हा ती आपुलकी शिगेला पोहोचली होती, आणि भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही त्या नावाने उभे आहे. उपरोध असा की ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द केली ती तुर्कांनीच. १९२८ मध्ये त्यांनी इस्लाम हा राज्याचा धर्म असल्याचे कलम राज्यघटनेतून काढले, आणि १९३६ मध्ये चाँदताऱ्याच्या ध्वजाची मापे कायद्याने पक्की केली. धर्माला राज्यातून बाहेर काढणाऱ्या सरकारला हा ध्वज अडचणीचा वाटला नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो तुर्की राष्ट्राचाच होता.

ध्वजवेडा

ध्वजांच्या बाबतीत भूगोल पाहिला की चित्र स्पष्ट होते. ट्युनिशिया, लिबिया, अल्जीरिया हे पूर्वीचे उस्मानी प्रांत असून त्यांच्याकडे चाँदतारा वारशाने आला. पाकिस्तानचा ध्वज मुस्लिम लीगच्या हिरव्या ध्वजावरून आला. सौदी अरेबिया तुर्कांच्या राज्याबाहेर, बहुधा त्यांच्याविरुद्ध घडला, आणि त्याच्या ध्वजावर कलिमा आणि तलवार आहे. मात्र मक्केत हरम मशिदीशेजारी उभारलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या ६०१ मीटर उंचीच्या टोकावर सुमारे २३ मीटरची सोनेरी चंद्रकोर आहे, म्हणजे तिकडेही आता तिला धर्मचिन्ह म्हणून जागा मिळाली. सिंगापूरच्या ध्वजावरची चंद्रकोर नवोदित राष्ट्राची मानली जाते. सर्वांत लक्षात राहणारा ध्वज इजिप्तचा : १९१९च्या ब्रिटिशविरोधी उठावात कैरोच्या रस्त्यांवर चंद्रकोर आणि क्रूस एकत्र असलेले झेंडे निघाले, कारण मुसलमान आणि कॉप्ट ख्रिस्ती एकत्र होते. तोपर्यंत चंद्रकोर म्हणजे मुसलमान हे समीकरण तेथे पूर्ण झालेले होते, नाहीतर शेजारी क्रूस काढण्याची गरजच भासली नसती.

मोडीवाचक

इजिप्तच्या या झेंड्याला समांतर अशी आपल्याकडची उदाहरणे आहेत, आणि त्यांतली दोन पुण्याशी निगडित आहेत. ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी जो झेंडा फडकावला, त्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' आणि खालच्या तांबड्या पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर आहेत. तो झेंडा इंदुलाल याज्ञिक यांनी पुढे हिंदुस्थानात आणला आणि तो पुण्यात केसरीवाड्यात जतन केलेला आहे. दुसरा १९१७चा, लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा. त्यावर पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींच्या मांडणीतले सात तारे, एका कोपऱ्यात ब्रिटिशांचा युनियन जॅक, आणि दुसऱ्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर आणि तारा होता. दोन्ही झेंड्यांवर चंद्रकोर मुसलमान समाजासाठी होती.

नाणेसंग्राहक

दोन्ही झेंड्यांच्या मधली दहा वर्षे लक्षात घ्यावीत. १९०७च्या झेंड्यावर चंद्रकोर सूर्याच्या जोडीने येते, म्हणून 'दख्खनी शिळा' यांनी सांगितलेल्या दानलेखांवरच्या सूर्य-चंद्राशीही तिचे नाते लावता येते. १९१७च्या झेंड्यावर तिच्याबरोबर तारा आहे, म्हणजे ती थेट इस्तंबूलहून आलेली आहे. १९२१ मध्ये गांधीजींपुढे आलेल्या झेंड्यात चरखा आला, समाजांचे प्रतिनिधित्व रंगांकडे गेले आणि चंद्रकोर काँग्रेसच्या झेंड्यावरून कायमची उतरली. १९३१च्या ठरावाने रंगांचाही जातीय अर्थ काढून टाकला. १९४७ साली संविधान सभेने २२ जुलैला अशोकचक्राचा तिरंगा स्वीकारला आणि कराचीत ११ ऑगस्टला चाँदताऱ्याचा हिरवा-पांढरा ध्वज स्वीकारला गेला.